डुकराचा दोर

फेअरलीनं डुक्कर आणलं नसतं, तर लेइमाऊरीचा शंभरावा दिवस नीट पार पडला असता.

तारीख आमच्या हातात नव्हती. ती गेली त्या दिवसापासून शंभर मोजले की गुरुवार येत होता. आमच्या गावानं जिच्यावर दावा लावलाय त्या तेल कंपनीच्या वकिलानं येऊन किनारा पाहायचा, असं दूरदेशीच्या कोर्टानं पत्रात लिहिलं होतं, आणि तोही गुरुवारच. माझ्या मुलीनं, लेइनासूनं, दोन पत्रं पाठवून दिवस बदलून मागितला. कोर्टाचं उत्तर आलं, बदलता येत नाही. मग ती मला म्हणाली, "बाबा, आपला कार्यक्रम एक दिवस पुढे ढकलला तर?"

"तुझ्या आईला विचार," मी म्हटलं.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

गुरुवारी पहाटेपासून माझ्या अंगणात बायका कोनफळं किसत बसल्या होत्या. माझी थोरली बहीण लेइपाकोआ, आम्ही सगळे तिला अक्काच म्हणतो, हातात काठी घेऊन फिरत होती. लापलापसाठी खड्ड्यात दगड तापत होते. किसलेलं कोनफळ आणि नारळाचं दूध पानात बांधून त्या दगडांखाली जायचं होतं, आणि दगड पुरेसे तापलेत की नाही हे फक्त अक्कालाच कळतं, असं अक्काचं म्हणणं.

मला काम नव्हतं. बायको गेलेल्या माणसाला शंभराव्या दिवशी काम देत नाहीत. मी नीरफणसाखाली बसून दाढी खाजवत होतो. शंभर दिवस दाढीला हात लावायचा नाही. शंभराव्या दिवशी लोक समुद्राकाठची पांढरी प्रवाळाची खडी टोपल्यांनी आणून थडग्यावर पसरतात, आणि ती बसली की बायकोचा भाऊ आपल्या हातानं दाढी काढतो. आधी खडी, मग दाढी. माझा मेहुणा कालसारू गावाचा प्रमुख आहे. त्यानं राजधानीहून, पोर्ट व्हिलाहून, खास नवा वस्तरा आणवला होता आणि सकाळपासून तो सदऱ्याच्या खिशातून काढून येईल त्याला दाखवत होता.

"बघा दाजी, धार बघा."

"बघितली. मघाशीच."

"पुन्हा बघा. जर्मन आहे."

लेइमाऊरीला दाढी आवडत नसे. लग्नानंतर एकदा मी वाढवली होती, तेव्हा ती तीन दिवस माझ्याशी भिंतीकडे तोंड करून बोलली. त्यामुळे मला त्या वस्तऱ्याची इतरांपेक्षा जास्त ओढ होती.

दहाच्या सुमाराला बोट आली. माझा मुलगा ओबेद चालवत होता. पुढे कंपनीचा वकील फेअरली बसला होता. उंच, गुलाबी, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, डोक्यावर गवती टोपी. त्याच्या पायाशी एक डुक्कर होतं. तांबूस, मध्यम, डाव्या कानाचा तुकडा गेलेला. फेअरली पाण्यात उतरला, त्यानं डुकराचा दोर एका हातात धरला, केवड्याची चटई काखेत मारली, आणि दुसऱ्या हातात कावाची, म्हणजे कुटून नशेचं पेय करतात त्या झाडाची, भलीमोठी मुळी घेऊन तो किनाऱ्यावरून वर आला.

किसण्या थांबल्या.

आमच्यात मयताला येणारा माणूस डुक्कर आणतो किंवा चटई आणतो. कावा आणत नाही. डुक्कर, चटई आणि कावा हे तिन्ही एकदम घेऊन माणूस एकाच कामाला येतो. त्यानं कुणाचं तरी नुकसान केलेलं असतं आणि तो ते कबूल करून भरपाई द्यायला आलेला असतो. आणणारा दोर हातात धरून उभा राहतो. ज्याचं नुकसान झालं तो पुढे होऊन दोर घेतो. दोर घेतला की भरपाई घेतली, मग दोघं मिळून कावा पितात, आणि ते प्रकरण तिथं संपतं.

फेअरली अंगणाच्या मधोमध येऊन थांबला. चटई आणि मुळी खाली ठेवून, टोपी काढून त्यानं सगळ्यांना नमस्कार केला. दोर पुढे धरला. कुणी हललं नाही. तो थोडा हसला, मग दोर जरा आणखी पुढे धरला.

"आत चला," कालसारू माझ्या कानाशी म्हणाला. "सगळे आत. आत्ताच्या आत्ता."

आमच्या स्वयंपाकघरात चौघं मावतात. आम्ही पाच होतो, आणि अक्का दोघांची जागा घेते.

"डुक्कर, चटई, कावा," कालसारूनं बोटांवर मोजलं. त्याचा आवाज बदलला होता. "तो कबुली द्यायला आलाय. एवढी मोठी कंपनी, अर्ध्या जगाला तेल विकणारी, आणि तिचा माणूस माझ्या गावात मान खाली घालून उभा आहे. माझ्या बापाच्या वेळी असं झालं नव्हतं."

"मामा, त्याला आपली रीत काय माहीत," लेइनासू म्हणाली. "कुणीतरी सांगितलं असेल, काहीतरी घेऊन जा."

"त्याला माहीत नाही? अगं, तूच माझ्याकडून नऊ पानांचं प्रतिज्ञापत्र लिहून घेतलंस. 'आमच्या रिवाजात नुकसान करणारा डुक्कर, चटई आणि कावा घेऊन येतो.' पान तिसरं. कोर्टात दिलंय. त्यानं वाचलं असणारच."

लेइनासूचा चेहरा उतरला. "पान चौथं," ती म्हणाली.

"चौथ्यावर काय आहे?" अक्कानं विचारलं.

लेइनासूला ते पाठ होतं. "'आणि एकदा ते घेतलं की तो विषय पुन्हा कुणी काढत नाही. आम्ही नाही, आमच्या मुलांनी नाही, मुलांच्या मुलांनी नाही.'"

"ते वाक्य मला फार चांगलं जमलं होतं," कालसारू म्हणाला. मग त्याच्याही ध्यानात आलं आणि तो पाण्याच्या पिंपावर बसला.

लेइनासू व्हिलातल्या एका वकिलाच्या कचेरीत काम करते. हा दावा उभा करायला तिला दोन वर्षं लागली. मागणी साधी आहे. कंपन्यांनी तेल जाळायला विकलं, हवा तापली, समुद्र चढला, आमचा किनारा गेला. तेव्हा आमचं गाव वरच्या टेकडीवर हलवायचा भार त्यांनी उचलावा. आधी थडगी, मग चर्च, मग घरं. दाव्यावर पहिली सही लेइमाऊरीची आहे. ती कोर्टाच्या कागदावर सही करताना म्हणाली होती, "माझं नाव वर टाक, माझी आईच पहिल्या रांगेत आहे." तेव्हा पहिल्या रांगेतली चार थडगी आधीच पाण्यात गेली होती. आता ती स्वतःही पहिल्या रांगेत होती, आईशेजारी, तिनं सांगितलं होतं तिथंच. मी नाही म्हणू शकलो नाही. म्हणायला हवं होतं, असं मला रोज वाटतं.

लेइनासूनं मला नंतर सांगितलं, की त्या क्षणी ती भिंतीच्या बांबूंमधल्या फटीतून फेअरलीकडे बघत होती आणि तिला काही ठरवता येत नव्हतं. तीन सुनावण्यांत तिनं त्याला पाहिलं होतं. एका तारखेसाठी तो पाऊण तास भांडला होता, आणि शेवटी तिलाच 'माफ करा' म्हणाला होता. असा माणूस साधाही असू शकतो आणि फार हुशारही. त्याला नुसतं उभं राहायचं होतं. आमच्यापैकी एकानं दोर घेतला की आईचं नाव असलेला दावा आमच्याच प्रमुखाच्या शब्दांनी संपला असता.

"घ्यायचं नाही," ती म्हणाली.

"न घेऊन कसं चालेल?" अक्का म्हणाली. "मयताच्या घरी आलेलं डुक्कर कुणी परत पाठवतं का? आपल्या आईच्या वेळी कालमेटनं लंगडं डुक्कर आणलं होतं, तेही घेतलं. लेइमाऊरीच्या शंभराव्या दिवशी पाहुणा डुक्कर घेऊन परत गेला, तर उद्या दहा गावांत होईल, की तिचं घर भिकेला लागलं पण मिजास गेली नाही."

"आत्या, हे मयताचं डुक्कर नाही."

"मग काय आहे? लग्नाचं?"

"मी अक्काच्या बाजूनं आहे," कालसारू म्हणाला. "घ्या. कबुली म्हणजे कबुली. मी त्याला नाकामालात, गावाच्या बैठकीत बसवतो, भाषण करतो, सगळी बेटं बोलावतो."

"आणि गाव हलवायचं काय?"

कालसारूनं फटीतून डुकराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आमच्याकडे डुकराची किंमत सुळ्यांच्या वाकावर ठरते. "सुळ्यांना अर्धा वाकही आलेला नाही," तो म्हणाला. "कान पण तुटका. ह्यात एक चर्च, चाळीस घरं आणि बावीस थडगी? नाही. मी लेइनासूच्या बाजूनं आहे. ह्यात तर माझ्या बहिणीचा एक दगडही हलायचा नाही."

"आत्ता तर भाषण करणार होतास," अक्का म्हणाली.

"भाषण मी नाकारायचंही करू शकतो."

"डुक्कर आणि चटई घेऊ," लेइनासू म्हणाली. "कावा परत देऊ. मग ती भरपाई राहत नाही."

"रिवाज म्हणजे काय चिन्याचं दुकान आहे, हे द्या, ते नको? तिन्ही एका हातानं आणलं, तिन्ही एका हातानं घ्यायचं. पान तिसरं."

"मामा, ते पान आपण जरा कमी बोलूया."

 कालमेटचं नाव निघालं होतं, म्हणून मी म्हटलं, "कालमेटच्या गाईचं आठवतं ना?" सगळ्यांना आठवत होतं. एकोणीस वर्षांपूर्वी कालमेटच्या गाईनं माझं कोनफळाचं वावर खाल्लं. तो डुक्कर, चटई, कावा घेऊन आला. मी दोर घेतला, कावा प्यायलो. दुसऱ्या दिवशी वर डोंगरात गेलो तर वरचं वावरही त्याच रात्री तिनंच खाल्लेलं. मी कालसारूकडे गेलो. तो म्हणाला, दाजी, विषय संपलाय. तो निकाल बरोबर होता, हे मला मान्य आहे. त्या गाईकडे मात्र मी नंतर कधी पाहिलं नाही.

"म्हणजे तुम्ही पण घ्यायचं नाही म्हणता?" लेइनासूनं विचारलं.

"मी म्हणतो, समुद्रानं अजून वरचं वावर खायचं आहे."

ओबेद दाराशी उभा होता. तो एक शब्द बोलला नव्हता. ओबेदला मी चौतीस वर्षं ओळखतो. तो गप्प असतो ते दोनच वेळी, झोपेत आणि गुन्ह्यात.

बाहेर फेअरली उन्हात उभा होता. दोर सोडता येत नव्हता, कारण घेणारा कुणी नव्हता. मध्येच त्यानं नीरफणसाच्या बुंध्याकडे बोट दाखवून विचारलं, "इथं बांधू का?" बायकांनी एकदम माना खाली घातल्या आणि किसायला लागल्या. माझ्या झाडाला दोर बांधला तर तो मीच घेतल्यासारखा होतो. मग तो तसाच उभा राहिला. डुक्कर कोनफळाच्या सालींकडे ओढत होतं आणि फेअरली त्याच्यामागे दोन पावलं जाऊन दोन पावलं परत येत होता. कोर्टानं त्याला किनारा मोजायला पाठवलं होतं. मोजायची फीत त्याच्या पाठपिशवीत होती. पिशवी काढायला दोन्ही हात लागले असते. अक्कानं त्याला शहाळं पाठवलं, कारण मेजवानीला आलेला माणूस तहानेनं चक्कर येऊन पडला तर तेही दहा गावांत झालं असतं. त्यानं ते एका हातानं प्यायलं. निम्मं सदऱ्यावर सांडलं.

मी घराच्या मागे गेलो. ओबेद अगोदरच तिथं होता.

"बाबा, ते मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"तो धक्क्यावर म्हणाला, तुमच्या आईच्या कार्यक्रमाच्या दिवशी येतोय, मला बरं वाटत नाही, काही न्यावं का? मी म्हटलं, डुक्कर न्या. तो म्हणाला, कुठं मिळेल? मी दाखवलं."

"कावा?"

तो जमिनीकडे बघायला लागला. "संध्याकाळी प्यायला होईल म्हणून."

"आणि डुक्कर? तू आणणार होतास ना आईसाठी डुक्कर? महिनाभर सांगतोयस."

त्यानं खालचा ओठ चावला. मला कळलं. त्याच्याकडे डुक्कर नव्हतं. आईच्या शंभराव्या दिवशी मुलगा रिकाम्या हातानं आला, असं अक्का मरेपर्यंत म्हणत राहिली असती. म्हणून त्यानं कंपनीच्या वकिलाकडून डुक्कर आणवलं. गर्दीत कोण विचारणार होतं, कुठलं डुक्कर कुणाचं?

"कानतुटकं घेतलंस," मी म्हटलं.

"तेवढंच शिल्लक होतं."

लेइमाऊरी म्हणायची, ओबेद दुसऱ्याचे हात घेऊन जन्माला आलाय, स्वतःचे त्यानं घरी ठेवलेत. असं म्हणायची आणि ताटात मोठा तुकडा त्यालाच वाढायची. मला रागवायला हवं होतं. पण मला त्याच्यात ती दिसली, कारण पकडला गेल्यावर तो तिच्यासारखाच खालचा ओठ चावतो.

"अक्काला सांगू नका," तो म्हणाला.

"लेइनासूला सांग. आत्ता."

मी अंगणात गेलो आणि फेअरलीच्या शेजारी उभा राहिलो. त्याच्या नाकाची साल निघायला लागली होती. मला शाळेपुरतं इंग्रजी येतं, त्याला व्हिलापुरतं बिस्लामा, सगळ्या बेटांची बाजारातली बोली, येत होतं. दोन्ही मिळून एक भाषा होत होती.

"माझ्याकडून काही चुकलंय का?" त्यानं विचारलं.

"हे डुक्कर कुणासाठी आणलंत?"

"तुमच्या पत्नीसाठी. म्हणजे, त्यांच्या दिवसासाठी."

"पान तिसरं वाचलंय का तुम्ही?"

"कशाचं?"

"प्रमुखाच्या प्रतिज्ञापत्राचं."

तो प्रामाणिकपणे आठवायला लागला. "ते माझे सहकारी वाचतात. मी भरतीओहोटीचे आकडे बघतो."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. मी आयुष्यभर मासे विकलेत. खोटं बोलणारं गिऱ्हाईक आधी माशाकडे बघतो, मग तुमच्याकडे. हा सरळ माझ्याकडे बघत होता.

"डुक्कर कंपनीनं दिलंय की तुम्ही?"

आता मात्र तो वकील झाला.  "हा प्रश्न असा आहे," तो म्हणाला, "की मला कचेरीला विचारावं लागेल."

फोन फक्त चर्चच्या वरच्या टेकडीवर लागतो. तो निघाला. दोर कुणी घेईना, म्हणून डुक्कर घेऊनच निघाला. सगळं अंगण त्यांना चढताना बघत होतं. डुकराला चढ आवडत नव्हता. अर्ध्या वाटेवर ते बसलं. फेअरलीनं त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण ते उठलं.

तोवर आत ओबेदनं लेइनासूला सांगितलं. ती भावाला काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, पण ओबेद कपाळ चोळत बाहेर आला. ती मात्र वेगळीच होऊन बाहेर आली. कागद, पेन आणि शाईचा शिक्का घेऊन. "तो खाली येईपर्यंत कुणी काही करायचं नाही," ती म्हणाली. "आत्या, लापलाप लाव खड्ड्यात."

"दगड तापले की मी लावीन," अक्का म्हणाली, आणि लगेच लावलं.

फेअरली तासाभरानं उतरला. दोघंही घामाघूम. तो अंगणाच्या मध्ये आला, ताठ उभा राहिला आणि एका कागदावरून वाचायला लागला. टेकडीवर बसून त्यानं लिहून घेतलं होतं. लेइनासू एकेक वाक्य आमच्या भाषेत सांगत गेली.

"हे डुक्कर, ही चटई आणि ही मुळी मी वैयक्तिकरीत्या आणली आहे. कंपनीनं दिलेली नाहीत. यातून कंपनीनं कोणतीही गोष्ट मान्य केली, असं होत नाही. यातून दाव्यातला कोणताही मुद्दा मिटला, असंही होत नाही."

"शेवटचं पुन्हा वाचा," लेइनासू म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं.

"सही करा."

त्यानं एका हातानं सही केली. कागद धरायला ओबेद पुढे झाला, तेवढं तरी त्यानं केलं. लेइनासूनं कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. तिनं सांगितलं, दोन वर्षांत तिला त्या माणसाकडून मिळालेला तो सगळ्यात चांगला कागद होता, आणि तो त्याच्या कचेरीनं सांगून लिहिला होता.

कालसारूचा चेहरा पडला होता. कबुली नाही म्हणजे भाषण नाही. पण प्रमुखाला निकाल द्यावा लागतो. तो पुढे झाला. "कंपनीचं डुक्कर नाही. माणसाचं डुक्कर आहे. म्हणजे हे मयताचं डुक्कर आहे. कावा पाहुण्याला रीत माहीत नसल्यामुळे आला. तो मी नाकामालात ठेवून घेतो." ओबेद मनातल्या मनात खूष झाला, ते मला दिसलं.

अक्कानं जाऊन दोर घेतला. फेअरलीनं आपली बोटं उघडली आणि मिटली, उघडली आणि मिटली. त्याच्या तळहातावर दोराची लाल रेघ उठली होती. त्यानं पाठपिशवी काढली, फीत बाहेर घेतली. अक्कानं फीत त्याच्या हातातून काढून घेतली आणि तिथं टोपली दिली.

"हे काय?" त्यानं लेइनासूला विचारलं.

"तुम्ही आईसाठी डुक्कर आणलंत. वैयक्तिक. म्हणजे तुम्ही घरचे. घरच्यांनी थडग्यावर खडी घालायची."

"मला किनारा मोजायचा आहे."

"वाट तीच आहे."

दुपारचे दोन वाजले होते आणि भरती पुरी चढत होती. त्या महिन्यातलं ते सगळ्यात मोठं उधाण. आम्ही सगळे टोपल्या घेऊन गेलो. थडग्यांपाशी पोचलो तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं. लेइमाऊरीला ठेवलं त्या दिवशी मी पावलं मोजली होती. थडग्यापासून पाण्याच्या रेघेपर्यंत सोळा. ती साध्या दिवशीची सोळा. आता तिच्या डोक्याकडचा दगड पाण्यातून बाहेर होता आणि पायाकडचा दिसत नव्हता.

प्रत्येकानं एकेक टोपली ओतली. ओतणाऱ्यानं वाकून तळहातांनी खडी सपाट करायची असते. अक्कानं केली, लेइनासूनं केली, ओबेदनं केली आणि जास्त वेळ केली. लाट आली, थोडी गेली. फेअरलीची टोपली शेवटची होती. त्यानं ओतली, गुडघ्यांवर बसला, फार काळजीनं सपाट केली. लाट आली आणि त्याची सगळी खडी घेऊन गेली.

तो उठला. गेला. दुसरी टोपली भरून आणली.

एक टोपली पुरते, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मुद्दाम नाही. कुणाला सुचलंच नाही, सगळे बघत होते. दुसरी गेली. तिसरी त्यानं डोक्याकडच्या दगडाला टेकवून ओतली. अर्धी राहिली, पुढच्या लाटेनं तीही गेली. चौथीला त्यानं बूट काढले. हातातलं काम तो अर्धवट सोडू शकत नव्हता, अशा जातीचा माणूस होता. कचेरीत त्याचा हा गुण कंपनीच्या कामी येत असणार. पाचवी, सहावी. अक्काच्या तोंडातून हळूच निघालं, "अरे, कुणीतरी थांबवा त्याला." तीच मघापासून सगळ्यांना कामाला लावत होती.

सातवीनंतर मी जाऊन त्याच्या हातातून टोपली घेतली.

"आधी पाणी कुठं होतं?" त्यानं विचारलं. त्याला दम लागला होता.

"तिच्या आजीला पुरलं तेव्हा इथून पाण्यापर्यंत अकरा माड होते."

"कुठे?"

मी समुद्राकडे बोट केलं. तिथं एक पक्षी पाण्यावर बसला होता. फेअरलीनं त्या पक्ष्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यानं खिशातून वही काढली. ती भिजली होती. लेइनासूनं आपली वही त्याच्यापुढे धरली आणि दुसरीकडे बघत उभी राहिली. त्यानं काय लिहिलं ते तिनं विचारलं नाही. अक्कानं त्याची फीत परत दिली. पाणी त्याच्या गुडघ्याखाली कुठपर्यंत पोचलं होतं ते त्यानं मोजलं, आणि आकडा मोठ्यानं म्हटला.

मग कालसारू पुढे आला. हातात वस्तरा. ओबेदनं नारळाच्या करवंटीत पाणी आणलं. मी माड आडवा पडलाय त्यावर बसलो आणि मान वर केली.

कालसारूनं वस्तरा उघडला. माझ्या गालाला लावला. आणि थांबला.

तो मला नंतर म्हणाला, की तिसरी टोपली वाहून गेली तेव्हाच त्याला कळलं होतं, पण म्हणायचं धाडस होत नव्हतं. प्रमुख असणं एक, भाऊ असणं एक. लहानपणी लेइमाऊरी त्याला ह्याच किनाऱ्यावर पाठीवर घेऊन फिरायची.

"दाजी," तो म्हणाला, "खडी बसली नाही."

"माहीत आहे."

"आधी खडी, मग दाढी."

"नऊ पानांत आहे का हे?"

"नाही. पण रिवाज आहे." त्यानं वस्तरा मिटला.  "ती अशा जागी जाईल जिथं खडी बसते, तेव्हा काढीन. तोवर मला काढता येत नाही."

अक्कानं मान हलवून कालसारूचं म्हणणं मानलं. असं पहिल्यांदाच झालं. मी दाढीवरून हात फिरवला. पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. मी डोक्याकडच्या दगडाजवळ वाकून लेइमाऊरीला सांगितलं, की आणखी थोडे दिवस भिंतीकडे तोंड करून बोल.

जेवण छान झालं. लापलाप खालून जरा कच्चं होतं, ते सगळ्यांना कळलं आणि कुणी बोललं नाही. फेअरलीच्या डुकराचा फरा केळीच्या पानात बांधून त्यालाच दिला, घरच्या माणसाचा वाटा म्हणून. ते पुडकं कुशीत घेऊन तो बोटीत बसला. ओबेदनं इंजिन सुरू केलं. तेवढ्यात फेअरली वळून लेइनासूला म्हणाला, "माफ करा, एक विचारायचं राहिलं. तुमचे वडील दाढी कधी काढणार?"

"तुमच्या कंपनीला विचारा," लेइनासू म्हणाली, "आणि आम्हाला कळवा."

त्यानं उन्हात वाळवलेली वही काढली आणि तेही लिहून घेतलं.